आठ गायक, टेनर एकच: बाखचा १०६ क्रमांकाचा कॅन्टाटा एका पार्टला एक आवाज ठेवून कसा बसवावा?

राजवाडा_टेनर

नमस्कार मंडळी. इंदूरला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाखचा 'गॉटेस त्साइट' हा कॅन्टाटा (गायक आणि वाद्यांसाठीची धार्मिक रचना; बाखच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०६, म्हणजेच 'आक्टुस ट्रागिकुस') करायचं ठरतंय. जागा रेसिडेन्सी भागातलं जुनं चर्च: दगडी भिंती, उंच छत, बाकांवर शंभरेक माणसं बसतील.

गायक आठ: सोप्रानो (सर्वांत चढा आवाज) ३, आल्टो (त्याखालचा) २ (दोघी बायका), टेनर (पुरुषांचा चढा) १, बास (सर्वांत खालचा) २. वाद्यं: आल्टो रेकॉर्डर (उभी धरायची बासरी) २ (प्लॅस्टिकचे, ४४० हर्ट्झच्या आजच्या पट्टीचे), व्हायोला १, चेलो १, डिजिटल पियानो १. मूळ रचनेतली गांबा (पायांत धरून गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) इथे कुणाकडेच नाही.

प्रश्न तीन. एक, आठही जणांना सगळीकडे गाऊ द्यावं की चौघांनाच? दोन, इंटरनेटवरची जुनी फुकट प्रत काळी दोनमध्ये आहे, आणि रेकॉर्डरवाले म्हणतात पांढरी चारच हवी. कुणाचं ऐकायचं? तीन, कोरस म्हटल्यावर लोकांना तीस-चाळीस माणसं अपेक्षित असतात. चौघांत ते काम अपुरं तर वाटणार नाही ना?

---

खर्ज_साधक

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. हा कॅन्टाटा चार आवाज, दोन रेकॉर्डर, दोन गांबा आणि कंटिन्युओ (खालची बासची ओळ आणि तिच्यावर ऑर्गनने भरलेले स्वरमेळ) एवढ्यासाठीच लिहिलेला आहे. व्हायोलिन नाही, ट्रम्पेट नाही. रेकॉर्डर आणि गांबा ही मऊ आवाजाची वाद्यं. चाळीस जणांचा कोरस उभा केला की रेकॉर्डर दिसतात पण ऐकू येत नाहीत, मग त्यांना माइक लावावा लागतो आणि तोल पुरता जातो. चार आवाज हे या रचनेचं मूळ माप आहे, ती तडजोड नाही.

अमेरिकन संगीतज्ञ जोशुआ रिफ्किन यांनी १९८१ साली बॉस्टनला एका संगीतशास्त्र परिषदेत हे मांडलं, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. मुद्दा साधा होता. बाखच्या हयातीतले जे पार्ट (एकेका गायकाचे सुटे कागद) टिकले, त्यांत बहुतेक ठिकाणी प्रत्येक आवाजाचा एकच कागद आहे. त्याच कागदावर आरिया (एकट्याचं गाणं), रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखं गायन), कोरस, कोराल (चर्चमधलं स्तोत्र) सगळं सलग लिहिलेलं. 'इथे बाकीच्यांनी गावं, इथे थांबावं' अशी खूण नाही. म्हणजे जो आरिया गातो तोच कोरसही गातो. त्याला कॉन्सर्टिस्ट म्हणत. जादा आवाज हवे असतील तर रिपिएनिस्ट, आणि त्यांच्यासाठी वेगळे कागद लिहिले जात. सेंट जॉन पॅशनचे असे वेगळे रिपिएनो पार्ट आजही आहेत. १७३३ ची मिसा (पुढे बी मायनर मास झाली ती) बाखने ड्रेस्डेनला पाठवली, तिच्या संचात मात्र पाच आवाजांचे पाचच कागद आहेत.

एक खबरदारी. १०६ चे बाखच्या हातचे पार्ट शिल्लक नाहीत. सर्वांत जुनी हस्तप्रत १७६८ ची, त्याच्या मृत्यूनंतरची. त्यामुळे 'पार्टच सांगतात' असं या कामाबद्दल छापू नका. त्याच काळातला ७१ क्रमांकाचा कॅन्टाटा (मुलहाउझेन, १७०८) आधाराला घ्या. त्यात चार मुख्य आवाज आहेत आणि रिपिएनोचे चार 'वाटल्यास'. मुखपृष्ठावर बाखने स्वतः गायक-वादक मिळून पार्टची संख्या लिहिली आहे: १८, आणि वाटल्यास २२.

आता तुमचे आठ. दोन-दोन करू नका. एका पार्टला दोन आवाज ही सगळ्यांत अडचणीची संख्या आहे. एकटा असेल तर सूर त्याचा असतो, तिघं असतील तर थोडा फरक एकमेकांत मिसळतो, पण दोघांत ५-६ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडला तरी त्याची थरथर थेट कानावर येते. शिवाय तुमचा टेनर एकटा. बाकीचे दोन-तीन झाले की तो बुडणार, आणि बुडू नये म्हणून ओरडणार.

म्हणून चौघं संपूर्ण काम गातील, पहिल्यापासून शेवटच्या आमेनपर्यंत. उरलेल्या चौघांना कार्यक्रमाचा पहिला भाग द्या: हाइनरिश श्युट्सच्या 'क्लाइने गाइस्टलिशे कॉन्त्सेर्टे'मधले तीन-चार. १६३६ आणि १६३९ असे दोन संच आहेत. तीस वर्षांच्या युद्धात गायकवादक मिळेनासे झाले होते, त्या काळात एक ते पाच आवाज आणि कंटिन्युओ एवढ्यावरच लिहिलेले. सोप्रानो दोन, बास एक अशा जुळणीचेही त्यात सापडतील. रेकॉर्डर-चेलोवाल्यांची तालीमही त्यात अडकत नाही.

आणि त्या चौघांनी १०६ सुद्धा पाठ करून ठेवायचा. डिसेंबरात कुणाचा ना कुणाचा घसा बसतोच.

---

पायपेटी

पट्टीबद्दल. दोन्ही बरोबर आहेत, कारण बाखच्या वेळी पट्ट्याच दोन होत्या. चर्चचा ऑर्गन चढ्या 'कोरटोन'ला लावलेला, रेकॉर्डर उतरत्या 'कामरटोन'ला. दोघं एकत्र वाजावेत म्हणून रेकॉर्डरचे पार्ट एक अख्खा सूर वर, पांढरी चारमध्ये. जुन्या छापील प्रतीने सगळं काळी दोनला आणून ठेवलं.

तुमच्याकडे ४४० चे आल्टो रेकॉर्डर आहेत. त्यांचा सगळ्यात खालचा सूर पांढरी चार, त्याखाली ते जाऊच शकत नाहीत. काळी दोनला करायचं तर रेकॉर्डर सोडून बासऱ्या घ्याव्या लागतील (पाश्चात्त्य, चावीवाल्या), आणि त्यांचा आवाज चौघांवर चढतो. म्हणून पांढरी चार घ्या. टेनर आणि बास यांना एक सूर वर जड जाईल, पण आल्टो बायका आहेत हे विसरू नका. बाखचा आल्टो बायकांच्या गळ्याला बऱ्याचदा खाली लागतो. एक सूर चढल्यावर 'इन डाइने हॅन्डे' ही आल्टोची आरिया त्यांना मोकळेपणाने गाता येईल.

पांढरी चारचा आणखी एक फायदा आहे. डिजिटल पियानोत बहुधा वेर्कमाइस्टर या जुन्या जर्मन संगीतज्ञाची श्रुतिरचना असते, ती लावा आणि मूळ सूर पांढरी एक ठेवा. त्या रचनेत पांढरी चार ते पांढरी सहा हा गंधार ३९० सेंटचा पडतो. शुद्ध गंधार ३८६ चा, नेहमीच्या समान श्रुतीत ४०० चा. म्हणजे घरच्या पट्टीत पियानो गायकांशी जवळजवळ भांडतच नाही. काळी दोनला हाच गंधार ४०२ येतो, समान श्रुतीपेक्षाही वाईट. एक सूचना: ट्रान्सपोजचं बटण वापरलंत तर हे सगळं गणित सरकतं. हातानेच पांढरी चारमधून वाजवा.

आवाज पियानोचा नको, लहान ऑर्गनचा निवडा, एकच ८ फुटी स्टॉप (लिहिल्या उंचीचाच सूर देणारा). १६ फुटी (एक सप्तक खालचा) बास जोडू नका, चार आवाजांच्या खाली चिखल होतो. उजव्या हातात दोन किंवा तीन सूर पुरेत. लांब स्वरमेळात गंधार गायकाकडे असेल तर तुम्ही तो वाजवू नका.

संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन (आम्ही पायपेटी म्हणतो) कुणाकडे चालू स्थितीत असेल तर तो कंटिन्युओला फार छान बसतो. सूर टिकतो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो, म्हणून ती चालत नाही. पण आधी ट्यूनरने प्रत्येक सूर तपासा. जुन्या पेट्या ४४० वर असतीलच असं नाही, आणि पत्त्या घासल्याशिवाय पट्टी बदलत नाही.

गांब्याचं: पहिला पार्ट व्हायोलावर, दुसरा चेलोवर. मग कंटिन्युओच्या खालच्या ओळीला दुसरा चेलो मिळतो का बघा. नाही मिळाला तर ती ओळ ऑर्गनच्या डाव्या हाताकडेच ठेवा. एकच चेलो दोन्हीकडे उड्या मारतोय असं करू नका, सोनातिना (सुरुवातीचा नुसत्या वाद्यांचा भाग) विसविशीत होते.

---

मोठा_कोरस

रिफ्किन यांचं मत हा शेवटचा शब्द आहे असं नव्या लोकांना वाटू नये म्हणून लिहितो. टॉन कूपमन यांच्यासारख्या अनुभवी डच संगीत संचालकाने त्याला उघड विरोध केला आहे. आणि बाखचं स्वतःचं निवेदन आहे ना! २३ ऑगस्ट १७३० ला लाइपझिगच्या नगरपरिषदेला त्याने लिहून दिलं की प्रत्येक कोरसमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर, बास किमान तीन-तीन हवेत, चार-चार असतील तर उत्तम. म्हणजे बारा ते सोळा. 'एकच' कुठून आलं?

माझ्या मते आठही जणांना दोन मुख्य कोरसमध्ये गाऊ द्यावं. दगडी चर्चमध्ये चार आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचले तरी शब्द पोचत नाहीत.

---

खर्ज_साधक

निवेदन पुढे वाचा. तीन-तीन का, तर एखादा आजारी पडला तरी निदान दोन कोरसचं मोटेट (मुख्यतः गायकांसाठीची धार्मिक रचना) गाता यावं म्हणून. दोन कोरसच्या मोटेटला पार्ट आठ. बारा मुलांतून काही अंथरुणाला खिळली तर उरतात ती आठ, म्हणजे पार्टला एक. बारा-सोळा हा पटावरचा आकडा आहे, त्यातून त्या रविवारचे गायक निवडायचे. इंग्लिश संगीत संचालक अँड्र्यू पॅरट यांच्या २००० सालच्या पुस्तकात हा युक्तिवाद सविस्तर आहे. त्याच कागदात बाखने मुलांची प्रतवारीही दिली आहे: १७ कामाची, २० अजून तयार नसलेली, १७ निरुपयोगी. चार चर्चना पुरवायचे होते त्यातूनच.

कूपमन यांचा विरोध मान्य, आणि पॅशनसारख्या कामांत रिपिएनो हवेच, ते बाखनेच लिहिलेत. पण १०६ मध्ये दोन रेकॉर्डरसमोर आठ गळे, तेही टेनर एक धरून, हे मला पटत नाही. शब्द पोचत नाहीत हा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर माणसं वाढवणं हा उपाय नाही, कारण प्रत्येक जादा गायकाबरोबर व्यंजन किंचित मागेपुढे पडतं आणि शब्द आणखी पुसट होतो. उपाय आहे जागा बदलणं. गायक वाद्यांच्या मागे नकोत. पुढे, अर्धवर्तुळात, हाताला हात लागेल एवढ्या अंतरावर. ऑर्गन मधोमध, बास त्याच्या लगत. रेकॉर्डर गायकांच्या ओळीतच एका टोकाला, नळी श्रोत्यांकडे. आल्टोला अर्धं पाऊल पुढे घ्या. तिचा पार्ट मधल्या-खालच्या पट्ट्यात फिरतो आणि तोच सर्वांत आधी हरवतो. ती जोर लावू लागली की सोप्रानो आणखी जोर लावते, म्हणून जोर कमी करायची जबाबदारी सोप्रानोची.

---

राजवाडा_टेनर

पांढरी चार आणि चौघं, ठरलं. श्युट्सची कल्पना उरलेल्या चौघांनाही आवडली. दोन अडचणी आहेत. एक आल्टो आणि एक बास ख्यालाच्या तालमीतले आहेत, स्टाफ नोटेशन वाचतात पण जर्मन अजिबात येत नाही. आणि प्रत्येकाला एकट्याला गायचं म्हटल्यावर श्वास पुरत नाही. कोरसमध्ये आळीपाळीने घेता येतो, इथे कसा घ्यायचा?

---

आल्टो_मधली_ओळ

श्वास आधी कागदावर घ्यायचा, मग छातीत. पहिल्या तालमीपूर्वी चौघांनी आपापल्या पार्टमध्ये पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि त्या एकमेकांना दाखवायच्या. फ्यूगचा (एकच धून आवाज पाठोपाठ उचलतात ती रचना) विषय, म्हणजे ती धून, सुरू असताना मध्ये तोडायचा नाही. लांब तानेत श्वास हवाच असेल तर बांधलेल्या सुराच्या दुसऱ्या टोकाला थोडं कापून घ्या, म्हणजे पुढचा ठोका उशिरा येत नाही. शेवटच्या आमेनमध्ये सगळे दमतात आणि लय ओढली जाते. ओढली की श्वास आणखी कमी पडतो. तिथे लय किंचित पुढेच ठेवा. आणि चौघांनी एकाच जागी श्वास घेतलेला नाही ना हे तपासा, नाहीतर छताखाली भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

ख्यालातल्या दोघांची मला काळजी नाही. उलट त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांना मिळवावी लागेल: खडा सूर आणि स्वयंभू गंधाराची ओळख. तानपुरा पांढरी चारला लावा. बासने षड्ज, टेनरने पंचम, सोप्रानोने वरचा षड्ज धरायचा, आणि आल्टोने तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो त्यावर जाऊन बसायचं. पियानोपेक्षा तो १४ सेंट खाली आहे. पहिल्यांदा बेसूर वाटतो, मग मेळ एकदम स्थिर होतो. मग गंधार दुसऱ्याकडे द्या, असे चारही जण फिरवा. तालमीच्या सुरुवातीला दहा मिनिटं रोज. पण हा सराव फक्त मेळ कळावा म्हणून आहे. संगीत चालू झालं की षड्ज सतत हलतो. ख्यालवाले जुना सा धरून बसले तर दोन मात्रांत भांडण होईल. त्यांना 'आत्ता सा कुठे आहे' हे बासच्या ओळीवरून ऐकायला शिकवा. सवयीने सोडायच्या दोन गोष्टी: सुराला कण लावून चढणं, आणि एका सुरातून दुसऱ्यात मींड. एकट्याच्या गाण्यात ते सौंदर्य आहे, इथे चारांचा मेळ अर्धा क्षण गढूळ होतो.

जर्मन उच्चार मराठी माणसाला वाटतात तेवढे परके नाहीत. 'त्साइट'चा पहिला आवाज म्हणजे 'चमचा'तला च, 'चहा'तला नव्हे. 'इश'सारख्या शब्दांतला शेवट हा ना श ना ख, 'ह्या' म्हणताना ह्य वर जी हवा जाते तो आहे. त्यांचा डब्ल्यू म्हणजे आपला व, आणि त्यांचा व्ही बहुतेक फ. दोन टिंबांचा यू: तोंड ऊचं, जीभ ईची. शेवटचे ट आणि स चौघांनी एकाच क्षणी टाकायचे, आणि तो क्षण टेनर किंवा बास नाही, सोप्रानो ठरवेल, कारण तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. हात हलवणारा कुणी समोर नसेल तेव्हा हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

तालमीचा क्रम: पहिल्या दोन वेळा नुसतं वाचन, तालात, सुराशिवाय. मग प्रत्येक आवाज एकटा, फक्त खालच्या बासच्या ओळीबरोबर. मग जोड्या: सोप्रानो-बास, आल्टो-टेनर, मग उलटसुलट. मग चौघं वाद्यांशिवाय. ऑर्गन त्यानंतर, रेकॉर्डर शेवटी. अगदी पहिल्या दिवसापासून पियानोवर पार्ट वाजवून बसवलेत तर पुढे शुद्ध गंधार येतच नाही. जुन्या फुकट प्रतीत सोप्रानो, आल्टो, टेनर जुन्या 'सी' चाव्यांत (कुठली रेघ कुठला सूर हे सांगणाऱ्या खुणा) आहेत, त्या आजच्या चाव्यांत आणि पांढरी चारमध्ये उतरवून घ्यायला दोन दिवस राखून ठेवा. उतरवताना चुका होतात, दुसऱ्या माणसाने तपासा.

---

पायपेटी

थंडीचं राहिलं. डिसेंबरात संध्याकाळनंतर इंदूरचा पारा भराभर उतरतो, आणि दगडी चर्च आतून त्याहून गार. रेकॉर्डर गार पडला की दर अंशाला साधारण ३ सेंट उतरतो. १० अंशांत ३० सेंट, ऑर्गन मात्र जागचा हलत नाही. वाजवताना श्वासाने नळी गरम राहते. धोका विश्रांतीत आहे: 'एस इस्ट डेर आल्टे बुंड' (जुन्या कराराचा कोरस) संपल्यापासून शेवटच्या 'ग्लोरी' या कोरसपर्यंत रेकॉर्डर गप्प असतात, आणि मग एकदम उघड्यावर येतात. त्या वेळात वरचा तुकडा बगलेत किंवा कोटाच्या आत ठेवायचा, टेबलावर नाही. कार्यक्रम दुपारी चारला ठेवता आला तर उत्तम. लग्नसराईत रात्रीच्या वरातीचा डीजेही टळतो.

पंखे बंद. माइक नको. ध्वनिमुद्रण हवं असेल तर दोन माइक गायकांपासून ३ मीटरवर, त्यांच्या डोक्यापेक्षा वर. ते स्पीकरला जोडायचे नाहीत. डिजिटल ऑर्गन असेल तर यूपीएस घ्या.

---

राजवाडा_टेनर

शेवटचा प्रश्न. 'आल्टे बुंड'मध्ये खाली तिघांचा फ्यूग आणि वर सोप्रानो 'या, कॉम'. इथे तीनही सोप्रानोंनी वरची ओळ घेतली तर? तिघीही फार सुंदर गातात.

---

खर्ज_साधक

इथे तर अजिबात नाही. खालचे तिघे जुना करार सांगतात, माणसा, तुला मरायचंच आहे. ते नियमासारखं, कोरडं, काटेकोर गायचं. रेकॉर्डर त्याच वेळी 'इश हाब माइन साख' या कोरालची चाल वाजवत असतात, शब्दांशिवाय. ती ऐकू येणं गरजेचं आहे, म्हणून तिघांनी तिथे आवाज खाली ठेवा. आणि वर एकच माणूस म्हणतो, ये, प्रभो येशू. शेवटी खालचे तिघे थांबतात, वाद्यं एकेक करून सुटतात, कंटिन्युओसुद्धा. उरते ती एकटी सोप्रानो, आधाराविना. तिघी असल्या की तो एकटेपणा उरत नाही, आणि आधार नसताना तिघींचा सूर जुळवणंही अवघड.

बसवताना दोन गोष्टी बघा. ऑर्गन थांबल्यावर सोप्रानोचा सूर चढतो की उतरतो हे प्रत्येक तालमीत ट्यूनरवर मोजा. बहुतेक वेळा भीतीने उतरतो. उतरत असेल तर त्या आधीच्या चार मात्रांत श्वास नीट मिळतोय का ते पाहा, दोष तिथेच असतो. आणि तिचा शेवटचा सूर संपल्यावर बाखने मोकळी जागा लिहून ठेवली आहे, वर थांब्याची खूण देऊन. आल्टोने पुढचं 'इन डाइने हॅन्डे' लगेच उचलायचं नाही. चेलोवाल्याने गज तारेवरून काढायचा नाही, रेकॉर्डरवाल्यांनी हात खाली आणायचे नाहीत, पानं उलटायची नाहीत. पान तिथेच संपत असेल तर पुढच्या चार मात्रांची प्रत काढून आधीच्या पानाला चिकटवून घ्या.